लढाऊ माशास पेला नको, घर हवें

एका वाचक भगिनींचें पत्र आमच्यापुढें आहे. त्यांच्या धाकट्या भावोजींनीं मुलांच्या हट्टाखातर बाजारांतून एक मासा आणला. दुकानांत ज्यास ‘फायटर’ किंवा ‘बेट्टा’ म्हणतात तोच हा सयामी लढाऊ मासा. अंग गर्द निळें, पर तांबडे, आणि शेपटी हलली कीं जरीचा पदर उलगडल्यासारखी दिसते. दुकानदारानें तो झांकणाच्या एका प्लास्टिकच्या पेल्यांत घालून दिला, आणि ‘ह्याला एवढें पाणी पुरतें, यंत्रबिंत्र कांहीं लागत नाहीं’ अशी ग्वाही दिली. पेला सध्यां स्वयंपाकघरांत फ्रिजवर ठेविला आहे. घरांत माणसें बारा, आणि मतेंही जवळजवळ तितकींच. सासूबाईंस मुका जीव असा कोंडलेला पाहवत नाहीं. मामंजी म्हणतात, मासा हालत नाहीं त्या अर्थीं तो स्वस्थ आहे. मुलें त्यास दिवसांतून पांच वेळां खाऊं घालतात. बाई विचारतात कीं, दुकानदार म्हणतो तें खरें काय, आणि खरें नसल्यास काय करावें?

दुकानदार म्हणतो तें अर्धें खरें आहे, आणि अर्धें खरें असल्यामुळेंच तें अधिक घातक. साधा मासा पाण्यांत विरघळलेला प्राणवायु कल्ल्यांनीं घेतो. पाणी साचून नासलें आणि प्राणवायु सरला कीं तो तडफडूं लागतो. लढाऊ माशास कल्ल्यांखेरीज आणखी एक साधन निसर्गानें दिलें आहे. त्याच्या डोक्यांत, कल्ल्यांच्या वरच्या अंगास, नागमोडी घड्यांचें आणि रक्तवाहिन्यांनीं भरलेलें एक इंद्रिय असतें. मासा पृष्ठभागाशीं येऊन तोंडानें हवेचा घोट घेतो, आणि त्या घड्यांतून हवेंतील प्राणवायु सरळ रक्तांत उतरतो. गुरामी मासे ह्याच कुळांतले. आपल्याकडील मरळ ह्या कुळांतला नसला तरी त्यासही हवा घेण्याचा निराळा कप्पा आहे, आणि म्हणूनच तो पाण्याबाहेर पुष्कळ वेळ तग धरतो.

येथपर्यंत दुकानदाराचें बरोबर. परंतु एखाद्या खोलीची खिडकी उघडी आहे एवढ्यावरून त्या खोलींत उष्टें, केर आणि मोरीचें पाणी साचूं द्यावें असें कोणी म्हणणार नाहीं. पेल्यांतील माशास हवा मिळते. पण त्याचें अंग ज्यांत अष्टौप्रहर बुडालेलें असतें तें पाणी दुसऱ्या दिवसापासूनच दूषित होऊं लागतें. तो मरत नाहीं, निदान लौकर मरत नाहीं, ही त्याच्या सहनशक्तीची कमाल झाली. त्यास तेंच आवडतें असा तिचा अर्थ करणें हा आपला सोईस्करपणा. मोठ्या कुटुंबांतून हा अनुभव नवा नाहीं. जें माणूस कुरकुर करीत नाहीं त्याच्या वांट्यास माजघरांतील अंधारा कोपरा येतो, आणि पुढें ‘तिला तोच कोपरा आवडतो’ असें सारें घर एकमुखानें सांगूं लागतें.

हा मासा मूळचा सयामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा. चाओ फ्राया नदीच्या खोऱ्यांतील भातखाचरें, दलदली आणि संथ ओहोळ हें त्याचें माहेर. तेथें पाणी उथळ असतें, कोठें वीतभर तर कोठें हातभर, आणि ह्यावरूनच ‘हा मासा डबक्यांत राहतो’ ही समजूत पसरली. कोंकणांतील भातखाचर ज्यांनीं श्रावणांत पाहिलें आहे त्यांस ह्या समजुतींतील चूक सहज उमगेल. खाचरांत पाणी घोट्याएवढें असलें तरी तें एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत पसरलेलें असतें. त्यांत गवत, शेवाळ, किडेमुंग्या, लपण्यास सांवली सर्व कांहीं असतें. दोन नर एकमेकांसमोर आले तर पडणारा मासा पळून दुसऱ्या कोपऱ्यांत जातो आणि प्रकरण तेथें मिटतें. पेल्यांत पळावयाचें कोठें?

मनूची कथा आपल्या मुलांस ठाऊक असेल. ओंजळींत आलेल्या माशास त्यानें कमंडलूंत ठेविलें. मासा म्हणाला, जागा पुरत नाहीं. मग रांजण, रांजणांतून विहीर, विहिरींतून सरोवर, गंगा आणि शेवटीं समुद्र. प्रत्येक वेळीं मासा बोलला आणि मनूनें ऐकिलें. आमच्या घरच्या माशास वाचा नाहीं, तेव्हां ‘जागा पुरत नाहीं’ हें वाक्य त्याच्या वतीनें घरांतल्याच कोणी तरी उच्चारलें पाहिजे. पत्र लिहिणाऱ्या बाईंनीं तें उच्चारलेंच आहे असें आम्ही समजतों.

पुढें जाण्यापूर्वीं ह्या प्राण्याचें कुळशील थोडें सांगितलें पाहिजे, कारण त्याच्या घराची रचना त्यावरच अवलंबून आहे. त्याचें देशी नांव ‘प्ला कात’, म्हणजे चावणारा मासा. २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या जनुकांच्या अभ्यासावरून असें अनुमान निघालें कीं, माणसानें ह्यास निदान एक हजार वर्षांपूर्वीं तरी पाळावयास घेतलें असावें. आणि तें शोभेसाठीं नव्हे, तर कोंबड्यांप्रमाणें झुंजविण्यासाठीं. १८४० च्या सुमारास सयामच्या राजाकडील कांहीं मासे ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरींतील थिओडोर कँटर ह्या डॅनिश डॉक्टरच्या हातीं आले, आणि त्यानें १८४९ सालीं कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत त्यांचें वर्णन केलें. झुंजी लावण्याचा परवाना तेथें मक्त्यानें दिला जाई आणि त्यापासून राजाच्या तिजोरींत चांगली भर पडे, असेंही त्यानें नमूद केलें आहे. कँटरनें वापरलेलें शास्त्रीय नांव एका निराळ्याच जातीचें होतें असें लंडनच्या टेट रीगन ह्यांस आढळलें, म्हणून १९१० सालीं त्यांनीं ‘बेट्टा स्प्लेंडेन्स’ असें नवें नांव दिलें. त्यांतील दुसऱ्या शब्दाचा अर्थ देदीप्यमान. २०१९ सालीं थायलंडनें ह्यास आपला राष्ट्रीय जलचर ठरवून त्याचा गौरव केला.

शतकानुशतकें भांडखोर नर निवडून त्यांचीच प्रजा वाढविल्यामुळें दोन नर एका टाकींत ठेवणें म्हणजे एकाचा, किंवा दोघांचाही, जीव घेणें होय. नर व मादीही कायमचीं एकत्र नांदत नाहींत. मुलांस हें प्रथमच बजावावें. ‘बिचारा एकटा आहे, त्यास सोबत आणूं’ हा त्यांचा आग्रह मायेचा असला तरी माशास ती माया सोसणार नाहीं. माणसाचा एकटेपणा त्याच्यावर लादूं नये. आपल्या हद्दींत दुसरा कोणी नाहीं हेंच त्याचें सुख. झुंज लावून मौज पाहण्याविषयीं तर बोलावयासच नको. प्राण्यांस क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणारा आपला १९६० चा कायदा कोणत्याही प्राण्यास झुंजीस चिथावणें हा अपराध मानतो, आणि त्या कायद्याच्या दृष्टीनें मासाही प्राणीच आहे. टाकीसमोर आरसा धरून माशास फुलवून दाखविण्याची जी युक्ति पाहुण्यांपुढें केली जाते तीही आम्हांस पसंत नाहीं. क्षणभर ठीक, पण पाहुण्यांचा राबता असलेल्या घरांत त्या जीवास दिवसभर शत्रु दिसत राहतो.

आणखी एक. रानांतील लढाऊ मासा मळकट रंगाचा आणि आंखूड परांचा असतो. दुकानांतील लांब, झुलणारे पर ही माणसाची करामत आहे. तें वैभव वाहून नेणें माशास जड जातें. शालू नेसून पोहावयास सांगितल्यासारखी त्याची स्थिति होते. म्हणून त्याच्या घरांत पाण्यास जोराचा ओघ नसावा, आणि घर उंच असण्यापेक्षां लांब असावें, कीं ज्यामुळें हवेच्या घोटासाठीं त्यास फार चढउतार करावी लागूं नये.

आतां घराचें माप. ४० सेंटिमीटर लांब, २५ रुंद आणि २५ उंच अशी कांचेची टाकी घ्यावी. वर ५ सेंटिमीटर जागा सोडून पाणी भरल्यास हिशेबानें २० लिटर होतें. वाळू आणि झाडांची जागा वजा जातां थोडें कमी भरेल, तें चालेल. ह्याहून मोठी टाकी परवडत असल्यास उत्तमच, लहान नको. नवख्या माणसास वाटतें कीं लहान भांडें सांभाळणें सोपें. वस्तुतः उलट आहे. थोडें दूध जसें पाहतां पाहतां उतूं जातें तसें थोडें पाणी पाहतां पाहतां तापतें, निवतें आणि नासतें. मोठें पाणी आपल्या चुका पोटांत घालतें. गोल कांचेचें भांडें दिसावयास सुंदर, पण त्यांत पृष्ठभाग कमी आणि माशास कोपरा म्हणून सांपडत नाहीं.

झांकण अवश्य हवें, कारण हा मासा उडी मारतो. सकाळीं केर काढणाऱ्यास तो जमिनीवर वाळलेला सांपडावा ह्याहून वाईट शेवट नाहीं. झांकण आणि पाणी ह्यांमध्यें मात्र हवा राहूं द्यावी आणि हवा खेळण्यास फट ठेवावी. भरलेल्या टाकीचें वजन पंचवीस-तीस किलो भरेल, तेव्हां ती हलत्या टेबलावर किंवा फ्रिजवर ठेवूं नये. खिडकींतील थेट ऊन नको. त्यानें पाणी तापतें आणि कांचेवर शेवाळ चढतें. स्वयंपाकघर तर मुळींच नको, आणि देवघरही नको. ह्याचें कारण आपल्या ध्यानीं आलेंच असेल: इतर मासे पाण्यांतूनच श्वास घेतात, हा आपल्याप्रमाणें खोलींतील हवा घेतो. मिरचीच्या फोडणीनें घरांतील सारीं माणसें खोकत बाहेर पळतात, तो जाऊं शकत नाहीं. धूप-उदबत्तीचा धूर कोंडणाऱ्या खोलींतही त्यास ठेवूं नये. विशेषतः डांस मारण्याच्या वड्या, फवारे व विजेवर तापणारीं औषधें ह्यांतील द्रव्यें माशांस अत्यंत विषारी असतात. तीं टाकीच्या खोलींत वापरूंच नयेत. बैठकीच्या खोलींतील शांत भिंत, जेथें दार आपटत नाहीं आणि मुलांचा चेंडू येत नाहीं, ती ह्या कामीं योग्य.

पाण्याविषयीं दोन सूचना आमच्या घरांसाठीं खास आहेत. नळाच्या पाण्यांत जंतुनाशक क्लोरीन असतो, आणि तो कल्ल्यांस जाळतो. रुंद तोंडाच्या बादलींत पाणी दिवसभर उघडें ठेविल्यास क्लोरीन उडून जातो. परंतु जेथें क्लोरामाइन वापरतात तेथें तें असें उडत नाहीं, म्हणून माशांच्या दुकानांत मिळणारे क्लोरीन मारण्याचे थेंब टाकणें हा निर्धोक मार्ग. दुसरी सूचना अशी कीं, हें पाणी तांब्यापितळेच्या हंड्यांत कदापि साठवूं नये. तांब्याच्या भांड्यांतील पाण्याचे गुण वडील मंडळी माणसांपुरते सांगतात. माशास आणि गोगलगाईस तांब्याचा अंशही मारक आहे. ह्या कामासाठीं एक प्लास्टिकची बादली निराळी काढून तिच्यावर खूण करावी, आणि तिला साबणाचा हात लागूं देऊं नये.

ऊब २४ ते २८ अंश सेल्सियसमध्यें राहावी. मुंबईस आणि कोंकण किनाऱ्यास वर्षाचा बहुतेक काळ ती आपोआप राहते. पुणें, नाशिक, नागपूर येथें मात्र हिवाळ्याच्या रात्रीं पाणी फार निवतें. मासा तळाशीं निपचित पडतो, आणि घरचे म्हणतात झोंपला आहे. त्यासाठीं पंचवीस वॅटचा, ठराविक अंशावर आपोआप बंद होणारा हीटर आणि एक तापमापक घ्यावा. विजेच्या तारेस बटणाच्या खालीं लोंबता झोळ द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळलेलें पाणी बटणांत जात नाहीं; आणि टाकींत हात घालण्यापूर्वीं वीज बंद करावी. विदर्भांतील वैशाखांत प्रश्न उलटा असतो. तेथें झांकणाची फट वाढवून पृष्ठभागावर पंखा सोडिला असतां पाणी दोन-तीन अंशांनीं उतरतें.

ह्यापुढचा भाग सर्वांत महत्त्वाचा, आणि दुकानदार जो कधींच सांगत नाहीं तो हाच. माशाच्या कल्ल्यांतून अमोनिया सतत बाहेर पडत असतो. न खाल्लेलें अन्न कुजून त्यांत भर पडते. अमोनियास रंग नाहीं. पाणी स्फटिकासारखें स्वच्छ दिसत असतांही तें माशाचे कल्ले भाजून काढीत असूं शकतें. निसर्गांत ह्यावर तोड आहे ती सूक्ष्म जंतूंची. कांहीं जंतु अमोनियाचें नायट्राइट करितात. तेंही विषारीच, रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्ति तें हरण करितें. दुसरे जंतु नायट्राइटचें नायट्रेट करितात, आणि तें थोड्या प्रमाणांत माशास सोसतें व वनस्पतींस खत म्हणून उपयोगी पडतें. विनोग्राद्स्की ह्या रशियन शास्त्रज्ञानें १८९० च्या सुमारास हे जंतु वेगळे काढून दाखविले. आणि २०१५ सालीं असें आढळून आलें कीं, नायट्रोस्पायरा नामक कुळांतील कांहीं जंतु हीं दोन्हीं कामें एकटेच करितात.

हे जंतु नव्या टाकींत नसतात. ते वाळूवर, कांचेवर आणि मुख्यतः गाळणीच्या स्पंजावर हळूहळू वस्ती करितात, आणि ती वस्ती भरास येण्यास चार ते सहा आठवडे लागतात. आमच्या भगिनींस हें समजावून सांगण्यास विरजणाचा दाखला पुरे. दुधांत विरजण नसेल तर तें नासेल, दहीं होणार नाहीं. विरजण असलें तरी त्यास वेळ आणि ऊब द्यावी लागते. त्याच न्यायानें, ओळखीच्या कोणाकडे निरोगी माशांची जुनी टाकी असल्यास तिच्या गाळणींतील स्पंजाचा एक तुकडा ओला असतांनाच आणून आपल्या गाळणींत बसवावा. आठवड्यांचें काम पुष्कळ लौकर होतें. तसें कोणी नसल्यास टाकी मांडून, मासा न सोडतां, रोज चिमूटभर माशांचें खाद्य टाकून तें कुजूं द्यावें. पाणी तपासण्याचे थेंब दुकानांत मिळतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्हीं शून्यावर आलीं आणि नायट्रेट दिसूं लागलें, कीं थोडें पाणी बदलून मग मासा आणावा. मुलांस ही परीक्षा करावयास द्यावी. रंग बदलणारी नळी त्यांस फार आवडते.

ज्यांच्या घरीं मासा आधींच येऊन ठेपला आहे त्यांनीं खिन्न होऊं नये. टाकी आजच आणावी. पेला तासभर टाकींतील पाण्यावर तरंगत ठेवून, मधून मधून त्यांत टाकींतील पाणी थोडथोडें घालून, मग मासा अलगद सोडावा. पुढील महिनाभर रोज पाणी तपासावें, आणि अमोनिया किंवा नायट्राइट दिसल्याबरोबर तिसरा हिस्सा पाणी क्लोरीन मारलेल्या, तितक्याच कोंबट पाण्यानें बदलावें. ह्या काळांत खाणें कमी द्यावें.

वस्ती जमल्यावर आठवड्यांतून एकदां चौथा हिस्सा पाणी बदललें कीं पुरतें. सारें पाणी ओतून टाकी घासूनपुसून लख्ख करणें हा शुद्ध संहार होय. स्वच्छतेची अति हौस असलेल्या घरांत मासे जास्त मरतात हें ऐकून कोणास राग येईल, पण तें खरें आहे. स्पंज नळाखालीं धुतला कीं क्लोरीनमुळें सारें विरजण मरतें. टाकींतून काढलेल्या पाण्यांतच तो दोनदां पिळून परत बसवावा. गाळणी हवेच्या बुडबुड्यांवर चालणारी, साध्या स्पंजाची घ्यावी. तिचा ओघ मंद असतो आणि किंमतही थोडी.

तळाशीं धुतलेली जाड वाळू. संगमरवराच्या चिपा किंवा शिंपले नकोत, त्यांनीं पाणी कठीण होतें. प्लास्टिकचीं झाडें घेण्याचा मोह टाळावा. घेतलींच तर जुन्या रेशमी वस्त्राचा तुकडा त्यांवरून फिरवून पाहावा. रेशीम जेथें अडकेल तेथें माशाचे परही फाटतील. खरीं झाडें हवींत. जावा फर्न आणि अनुबियास ह्यांस फारसा उजेड लागत नाहीं, मातीही लागत नाहीं. दगडास किंवा लांकडास दोऱ्यानें बांधून ठेवलीं कीं झालें. रुंद पानाचें एखादें झाड पृष्ठभागाजवळ येईल असें लावावें. मासा त्या पानावर अंग टाकून विसांवा घेतो, आणि तो देखावा मुलांइतकाच वडीलधाऱ्यांसही प्रिय होतो असा आमचा अनुभव आहे. दिवा दिवसांतून आठ-नऊ तास. रात्रीं त्यास अंधार द्यावा.

कोंकणांत आणि मुंबईंत रस्तोरस्तीं जो देशी बदाम उभा असतो त्याचीं लाल होऊन गळलेलीं पानें ह्या माशाच्या कामीं येतात हें पुष्कळांस ठाऊक नसतें. औषध न फवारलेल्या झाडाचें वाळलेलें पान धुऊन टाकींत सोडलें कीं पाणी चहासारखें पिंगट होतें. त्यांतील तुरट द्रव्यें पाणी किंचित् आम्ल करितात आणि कांहीं जंतूंची वाढ रोखतात. सयामांतील पाळणारेही हेंच पान वापरतात. पाणी गढूळ झालें असें समजून सासूबाई तें ओतून टाकणार नाहींत एवढी दक्षता मात्र घ्यावी.

उरला खाण्याचा प्रश्न, आणि एकत्र कुटुंबांत माशाचा खरा शत्रु येथें आहे. हा मासा मांसाहारी. रानांत त्याचें खाणें किडे, अळ्या, पाण्यांतील बारीक जीव. भाताचीं शितें, पोळीचा चुरा, बिस्किट हें त्याचें अन्न नव्हे. ज्या घरांत मासळी शिजत नाहीं त्या घरांतही माशास त्याचें अन्न द्यावें लागतें; हें ज्यांस रुचत नसेल त्यांनीं मासाच पाळूं नये, त्यांत कमीपणा कांहीं नाहीं. दुकानांत लढाऊ माशांसाठीं निराळ्या बारीक गोळ्या मिळतात. त्याचें पोट साधारण त्याच्या डोळ्याएवढें धरावें. सकाळीं दोन-तीन गोळ्या, संध्याकाळीं तितक्याच, आणि आठवड्यांतून एक दिवस उपास. एकादशी पंधरवड्यानें येते, त्यामुळें माशासाठीं तिच्या जोडीस आणखी एखादा वार धरावा लागेल. डांसांच्या अळ्या तो आवडीनें खातो हें खरें, पण त्याच्यासाठीं म्हणून घरांत पाणी सांचवून अळ्या वाढविणें हें डेंगीस आमंत्रण आहे.

बारा माणसांच्या घरांत प्रत्येकानें प्रेमानें एकेक चिमूट टाकिली तर संध्याकाळपर्यंत बारा चिमटी होतात. मासा फुगतो, उरलेलें कुजतें, अमोनिया वाढतो. आणि पाण्याचें कोणीच पाहत नाहीं, कारण तें दुसरा कोणी पाहील असें प्रत्येकास वाटतें. म्हणून खाणें घालण्याचें काम एकाच व्यक्तीकडे द्यावें. दहा-बारा वर्षांचा नातू किंवा नात ह्यास उत्तम. वर देखरेख आजोबांची. टाकीजवळ एक लहान वही बांधून ठेवावी, आणि खाणें घातलें, पाणी बदललें, तपासणींत काय आलें, हें तारखेसह लिहावें. कोणी विचारलें तर बोटानें वही दाखवावी.

मासा पर मिटून तळाशीं बसला, खाणें टाकूं लागला, अंगावर पांढरे ठिपके आले किंवा पोट फुगलें, तर औषधाच्या बाटलीकडे धांवण्यापूर्वीं पाणी तपासावें. पुष्कळदां रोगाचें मूळ तेथेंच सांपडतें आणि दोन-तीन दिवस थोडथोडें पाणी बदलल्यानें मासा सुधारतो. याउलट, पृष्ठभागावर बुडबुड्यांचा पुंजका दिसल्यास घाबरूं नये. तें नरानें बांधलेलें घरटें. ह्या जातींत अंडीं सांभाळण्याचें काम बापाकडे असतें. तळाशीं पडणारें प्रत्येक अंडें तो तोंडानें उचलून बुडबुड्यांत ठेवितो आणि मादीसही जवळ येऊं देत नाहीं. म्हणून त्यास बायको आणून द्यावी असें मात्र कोणीं मनांत आणूं नये. एका खेपेस शेंकडों पिलें होतात, आणि त्यांतील नर वयांत आले कीं प्रत्येकास निराळें घर लागतें.

नीट ठेविल्यास हा मासा दोन-तीन वर्षें, क्वचित् चार वर्षें सोबत करितो. दुकानांतून येतो तेव्हां त्यांतले कांहीं महिने संपलेलेच असतात. मध्यंतरीं कंटाळा आला तर त्यास विहिरींत किंवा तळ्यांत सोडून पुण्य जोडूं नये. परदेशी मासे असे सोडल्यानें देशी माशांचें काय होतें तें भारतांतील कित्येक जलाशयांत माजलेल्या सकर माशावरून दिसून येतेंच आहे. जो सांभाळील अशा एखाद्या ओळखीच्या घरीं टाकीसकट द्यावा.

मे महिन्यांत सारें घर गांवीं जातें तेव्हां माशाचें काय, असेंही बाईंनीं पत्राच्या शेवटीं विचारलें आहे. धडधाकट मासा तीन-चार दिवस उपाशी राहिल्यास त्यास कांहीं होत नाहीं; निघण्याच्या आदल्या दिवशीं चौथा हिस्सा पाणी बदलावें आणि निश्चिंतपणें जावें. मुक्काम लांबणार असेल तर शेजाऱ्यांस सांगावें, पण खाद्याचा डबा त्यांच्या स्वाधीन करूं नये. शेजारी मायाळू असतात. तीन-तीन गोळ्यांच्या कागदी पुड्या बांधून, प्रत्येकीवर एक दिवस आड करून तारीख घालून तेवढ्याच त्यांच्या हातीं द्याव्या, आणि डबा कपाटांत ठेवून कपाटास कुलूप लावावें.